खरखर आणि पाठभेद : डायल-अपच्या दशकातील दोषशोधन

हाती आलेल्या पाठात चूक दिसली, तर ती कोणाची हे ठरवल्याशिवाय दुरुस्त करू नये, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा. चूक मूळ कर्त्याची असू शकते, नकलकाराची असू शकते, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत उतरवून घेणाऱ्याची असू शकते, किंवा छापखान्यातल्या जुळाऱ्याची. प्रत्येकाच्या चुकीची जात वेगळी आणि म्हणून तिच्यावरचा उपायही वेगळा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून साधारण २००५-०६ पर्यंत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडल्या गेलेल्या मराठी घरांत हाच प्रश्न जवळजवळ रोज रात्री उभा राहत होता. पडद्यावरची अक्षरे बिघडली आहेत. बिघाड संगणकाचा, मोडेमचा, तारेचा, की अक्षरांचाच?

आपल्याकडे इंटरनेटचा इतिहास धोरणांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली परवाने खुले झाले, तमुक साली दर उतरले, ग्राहकसंख्या इतकी वाढली. हे सारे खरे आहे. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्या वर्षांचा मोठा भाग वाचण्यात गेला नाही, जोडणी का होत नाही हे शोधण्यात गेला. ह्या शोधाला स्वतःची पद्धत होती, परिभाषा होती, आणि एक सार्वत्रिक चुकीचे निदानही होते. माझ्या मते मराठीच्या लेखनव्यवहारावर त्या चुकीच्या निदानाचा परिणाम तारेच्या खरखरीपेक्षा अधिक काळ टिकला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली. शुल्क हजारोंच्या घरात होते. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे एक स्वस्त खाते होते खरे, पण त्यावर चित्रे दिसत नसत. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांच्या ओळी तेवढ्या सरकत. सुरुवातीला सेवा मोजक्या महानगरांतच होती, आणि इथेच खानदेशच्या वाट्याचा पहिला अडथळा होता. मोडेमने क्रमांक फिरवायचा म्हणजे साधा फोनच करायचा. जोडून देणारे केंद्र परशहरात असेल, तर कवितेचे एक पान वाचण्यासाठीही धुळ्याच्या माणसाला एसटीडीचे मीटर चालू ठेवावे लागणार. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना दार उघडले, १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आले, आणि १७२ ने सुरू होणारे क्रमांक फिरवून स्थानिक दराने जोडणी मिळण्याची सोय झाली, तेव्हा कुठे ०२५६२ ह्या आकड्यांमागे राहणाऱ्या गावाला घरबसल्या इंटरनेट परवडू लागले.

ह्या गावातले देवपूर घेऊ. पांझरेच्या दक्षिण तीरावर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे जुने धुळे, आणि उत्तर तीरावर देवपूर. श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे घोगरे विज्ञान महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय, जय हिंद संस्थेचे झेड. बी. पाटील महाविद्यालय, आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या प्राध्यापकांच्या, नोकरदारांच्या वसाहती. घरात टेलिफोन आहे, हप्त्याने घेतलेला संगणक आहे, आणि मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला आहे, असा वर्ग इथे राहतो. डायल-अपचा मराठी वाचक ह्याच वर्गातून आला. धुळे हे हस्तलिखितांचेही गाव आहे हा योगायोग असेल, पण तो पुढे उपयोगी पडणार आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले, आणि त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी पुढे इथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

जोडणी होत नाही म्हटल्यावर साखळीत कितीतरी दुवे तपासावे लागत. संगणकातले सॉफ्टवेअर, मोडेम, भिंतीतली वायर, शेजारच्या खोलीतला समांतर फोन, बाहेरच्या खांबावरची डबी, जमिनीखालची केबल आणि तिचे सांधे, एक्स्चेंज, आणि सर्वांत शेवटी सेवादात्याचा संगणक. ह्या साखळीचे तीन अधिकारी होते आणि तिघांची अधिकारक्षेत्रे एकमेकांना कधी भिडत नसत. १९८ वर तक्रार नोंदवल्यावर येणारा लाइनमन रिसीव्हर कानाला लावून 'लाइन ओके' म्हणे. सेवादात्याचा माणूस लाइन तपासून घ्या म्हणे. संगणक विकणारा सगळे पुसून विंडोज पुन्हा भरण्याचा सल्ला देई. गंमत अशी, की तिघेही आपापल्या परीने खरे बोलत. लाइनमनला ऐकू येणारा आवाज खरोखरच स्वच्छ असे.

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली होती. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो. बोललेले समजण्याला तो पुरतो, कारण ऐकणारा उरलेले स्वतः भरून घेतो. निम्मे अक्षर गाळले गेले तरी वाक्याच्या ओघात आपण ते पुरे करतो, आणि आपण पुरे केले हे आपल्या लक्षातही येत नाही. मोडेमला ही सोय नाही. त्याला ह्याच अरुंद पट्ट्यातून, आपण माणूस आहोत असे सोंग आणून, सेकंदाला हजारो अंश पाठवायचे असतात. १९९४ च्या मानकाने हा वेग २८,८०० वर नेला, १९९६ मध्ये तो ३३,६०० झाला, आणि १९९८ मध्ये ५६,००० चे मानक आले. हा शेवटचा टप्पा गाठायला एक अट होती : सेवादात्यापासून घरापर्यंतच्या वाटेत आकड्यांचे आवाजात रूपांतर एकदाच व्हावे, तेही ग्राहकाच्या एक्स्चेंजमध्ये. वाटेत आणखी कुठे रूपांतर झाले, किंवा पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरले, की वेग निम्म्यावर येई. बोलणे मात्र पूर्वीसारखेच ऐकू येई. 'लाइन ओके' आणि 'कनेक्ट होत नाही' ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असण्याचे रहस्य एवढेच होते.

सर्वांत बोलका दोष डायल टोनचा. विंडोज ६८० क्रमांकाची त्रुटी दाखवी : डायल टोन नाही. रिसीव्हर उचलून पाहावे तर टोन चांगला खणखणीत. नवी वायर, नवी पिन, नवा मोडेम, सगळे करून होई आणि ६८० कायम. कारण असे, की अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ अशा दोन स्वरांचा असतो, तर भारतातला ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झच्या कंपाने थरथरणारा. अमेरिकन कानाचा मोडेम देवपूरचा टोन ऐकत होता, पण त्याला तो टोन म्हणून ओळखत नव्हता. उपाय अगदी साधा : 'डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा' ह्या चौकटीतली खूण काढून टाकायची, किंवा मोडेमच्या आज्ञावलीत 'एक्स थ्री' लिहायचे. अर्थ एवढाच, की तू ऐकू नकोस, थेट फिरव. ही आज्ञावली १९८१ च्या सुमारास अमेरिकेतल्या हेज कंपनीने रूढ केली आणि पुढे जगभरच्या मोडेमांनी उचलली. धुळ्यातल्या कुणाला हे सारे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण 'एक्स थ्री' हा मंत्र मात्र चिठ्ठीवर लिहून घरोघरी पोचला होता. परदेशी व्याकरणाने मराठी मोजताना जे होते त्याच जातीचा हा प्रकार आहे. मोजपट्टीत न बसणारी वस्तू मोजपट्टीला दिसतच नाही, आणि मग नोंद होते ती वस्तूच नसल्याची.

क्रमांकांची ही भाषा लोकांनी पाठ केली होती. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६९१ म्हणजे नाव किंवा परवलीचा शब्द चुकला, ६३० म्हणजे मोडेमच गप्प. ह्यांतले काही क्रमांक प्रामाणिक होते, काही नव्हते. आणि काही मोडेम तर सरळ खोटे बोलत : तारेवर ३१,२०० चा वेग मिळालेला असताना पडद्यावर १,१५,२०० झळके, कारण तो आकडा संगणक आणि मोडेम ह्यांच्यामधल्या वायरीचा असे. ग्राहक खूश.

ज्यांना आकडे पटत नसत ते कान लावत. मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून येणारा तो प्रसिद्ध गोंगाट म्हणजे दोन यंत्रांची ओळखपरेड होती. आधी पलीकडून २,१०० हर्ट्‌झचा एकसुरी होकार, ज्याने वाटेतली प्रतिध्वनी दाबणारी साधने बंद होत. मग दोघांनी आपापल्या क्षमता सांगणे. मग तार कुठे किती बोथट आहे हे स्वर पाठवून चाचपणे. आणि शेवटी खळाळ. हे क्रम घरातल्या मुलांना तोंडपाठ होते. खळाळ दोनदा झाला, म्हणजे यंत्रे खालच्या वेगावर उतरत आहेत, हे त्यांना आकडा दिसण्याआधीच कळे. दोषशोधनाची खरी साक्षरता ही होती.

आता मुख्य मुद्दा. तारेतल्या खरखरीने अक्षरे बिघडतात का? एके काळी बिघडत. दोषनिवारण नसलेल्या जोडणीत खरखर थेट पडद्यावर उमटे. ओळीच्या मध्येच महिरपी कंस, नागमोडी रेघा, निरर्थक चिन्हे येत. पण १९८८ मध्ये मोडेमांसाठी दोषनिवारणाचे मानक आले आणि ही अवस्था बदलली. ह्या पद्धतीत पाठवणारा मजकुराचे छोटे तुकडे करतो आणि प्रत्येकाबरोबर त्या तुकड्यावरून काढलेला पडताळ्याचा एक आकडा पाठवतो. घेणारा तोच हिशेब पुन्हा करतो. आकडा जुळला नाही, तर तो अंदाजाने दुरुस्ती करत नाही. तुकडा टाकून देतो आणि पुन्हा मागतो. इंटरनेटच्या जोडणीत ह्याच्यावर आणखी दोन पातळ्यांवर असाच पडताळा असतो.

पाठचिकित्सकांना ज्या नकलकाराची आस असते तो हाच. हुशार नकलकाराइतका धोकादायक प्राणी नाही, हे जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. न समजलेला शब्द तो समजेल असा करतो, आणि त्याची दुरुस्ती इतकी सफाईदार असते की मूळ शब्द कायमचा लपतो. अडाणी नकलकार जे दिसेल ते गिरवतो. त्याची चूक निदान चूक म्हणून दिसते. मोडेम ह्या दोघांच्याही पुढे गेला : गिरवता आले नाही तर तो मूळ प्रत पुन्हा मागवी. म्हणून ह्या काळात तार खराब असली तर पान सावकाश येई, अर्धवट येई, किंवा जोडणीच तुटे. पण आलेले अक्षर चुकीचे नसे. ह्यावरून निघणारे अनुमान सरळ आहे. २००० साली देवपूरच्या पडद्यावर मराठी मजकुराच्या जागी कचरा दिसला, तर त्यात तारेचा दोष नव्हता.

मग कोणाचा? टंकाचा, म्हणजे फॉन्टचा. संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक. रोमन अक्षरांचे क्रमांक सर्वत्र एकच होते. देवनागरीसाठी इस्कीचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र जागाही मिळाली होती. पण छपाईच्या व्यवहारात श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे टंक स्थिरावले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसवली होती. तो टंक तुमच्या संगणकावर असेल तर मराठी. नसेल तर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा. वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचायची तर आधी त्या त्या वृत्तपत्राचा टंक उतरवून घ्या, अशी सूचना पानावरच असे, तीही इंग्रजीत.

लक्षणांवरून निदान करणे ह्यात शक्य होते. रोमन चिवडा दिसला तर टंक नाही. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर युनिकोडात आहे, पण ती अक्षरे असलेला टंक नाही. प्रत्येक अक्षरामागे डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि चार शिंगांच्या वर्तुळासारखे चलनाचे अनोळखी चिन्ह पुन्हापुन्हा आले, तर मजकूर शाबूत आहे. न्याहाळकाला त्याची सांकेतिक पद्धत तेवढी चुकीची सांगितली गेली आहे, आणि मेनूतून ती बदलली की पान क्षणात उलगडते. आणि ओळभर प्रश्नचिन्हे दिसली तर वाटेत कुणीतरी रूपांतर करताना अक्षरे कायमची गमावली आहेत. ह्यांतल्या फक्त शेवटच्या प्रकाराला उपाय नव्हता.

पण हा दोषांचा तक्ता कुणाच्या चिठ्ठीवर नव्हता. ६८० ला 'एक्स थ्री' आहे हे जसे गावभर झाले तसे हे झाले नाही. पान आधीच रखडत येत होते, जोडणी तुटत होती, मीटर दर तीन मिनिटांनी पुढे सरकत होते. अशा वेळी बिघडलेली अक्षरे तारेच्याच खात्यावर मांडली गेली. दोन वेगळे दोष एकाच्या नावावर जमा झाले. आणि त्यातून एक समजूत पक्की झाली, की मराठी 'नेटवर नीट चालत नाही'.

ह्या समजुतीवर त्या काळी दोन तोडगे निघाले आणि दोन्ही महागात पडले. पहिला, मराठी मजकुराचे चित्र करून लावणे. अक्षरे बिघडत नसत हे खरे, पण मोडेम साधा मजकूर पाठवताना तो दाबून लहान करू शकत असे, आणि चित्र आधीच दाबलेले असल्याने त्यावर ही युक्ती चालत नसे. जो मजकूर दोन-चार सेकंदांत आला असता त्याच्या चित्राला अर्धे मिनिट लागे. म्हणजे ज्या तारेला वाचवायचे, तिच्यावरच बोजा. शिवाय चित्रातला शब्द शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही. दुसरा तोडगा रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा. १९९६ पासून चालत आलेल्या मायबोलीवर आणि ईमेलच्या गटांत असे लेखन अमाप झाले. त्याला मी नावे ठेवणार नाही. दूरदेशी राहणाऱ्यांना त्यानेच एकमेकांशी बोलते ठेवले. पण त्यात ळ-ल, ण-न, ह्रस्व-दीर्घ, सगळे वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेले असे.

इथे राजवाड्यांकडे परत जावे लागते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. ह्या कामातला बराच मोठा भाग मोडी बाळबोधात उतरवण्याचा होता. मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. ह्रस्व-दीर्घ लिहिले जात नाही, शब्द तोडले जात नाहीत. बाळबोध करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते, आणि त्याने ठरवलेले मूळ कागदात होते असे वाचणारा धरून चालतो. रोमन मराठीचे आज कुणी देवनागरीकरण करू म्हणेल तर त्याला नेमका हाच प्रश्न पडेल. फरक इतकाच, की मोडी लिहिणाऱ्याला ती लिपी परंपरेने मिळालेली होती. रोमन मराठी लिहिणाऱ्याने आपली लिपी बिघडली आहे असे समजून ती बाजूला ठेवली होती, आणि ती बिघडलेली नव्हती.

युनिकोडात देवनागरी दाखवू शकणारे विंडोज २००० आणि नंतर एक्सपी घरांत पोचले, तेव्हा चित्र पालटू लागले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये मनोगत आले, जिथे कोणताही टंक उतरवून न घेता न्याहाळकातच देवनागरी लिहिता येत होते. हे सारे ब्रॉडबँड येण्याआधीचे आहे, ह्याकडे लक्ष वेधले पाहिजे. भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ ची, आणि ती जिल्ह्याच्या गावांतल्या घरांत रुळायला आणखी वेळ लागला. म्हणजे मराठी नीट दिसू लागली ती त्याच जुन्या, पावसात भिजणाऱ्या तारेवरून. तारेचा दोष असता तर हे घडलेच नसते.

लिपीचा दोष मात्र तारेबरोबर गेला नाही. देवपूरच्या वाचकाकडे आज फायबर असले, तरी जुन्या टंकांत जुळवलेल्या नियतकालिकांच्या आणि प्रबंधांच्या पीडीएफमधून परिच्छेद उचलून पाहिला तर तोच रोमन चिवडा हाती येतो. युनिकोडानेही आपला एक पाठभेद जन्माला घातला आहे. 'दुसऱ्या' ह्या शब्दातला अर्धा र लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पाय मोडलेल्या र नंतर एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. ते पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही, पण र आणि य ह्यांचा रफार होण्यापासून तेच रोखते. मजकूर एका संकेतस्थळावरून दुसरीकडे हलवताना कित्येक प्रणालींनी हे चिन्ह निरुपयोगी समजून गाळून टाकले. त्या वर्षांतल्या मराठी अनुदिन्यांत आणि चर्चांत पानोपानी आढळणारा 'दुसर्या', 'वार्यावर', 'सार्यांना' हा पाठ तिथून आला आहे. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नव्हते असा शेरा त्यावर मारण्याआधी पुढच्या संपादकाला मूळ प्रत मिळते का ते पाहावे लागेल.